तुळजाचा काठ

“पाच उचल, दोन सोड, पाच उचल... हट्! पुन्हा करवती काठच आला,” म्हणत यांनी मागावरचा धोटा बाजूला टाकला. मी दारात तांदूळ निवडत होते. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. अगदी पोटातून झाला.

शामलाचं लग्न अकरा दिवसांवर आलं होतं. शामला म्हणजे यांच्या पहिल्या बायकोची, तुळजाची लेक. मी या घरात आले तेव्हा ती चार वर्षांची होती, माझ्याच हातचं खाऊन वाढली. आमच्या घरची रीत अशी, की लेकीनं मांडवात बापानं विणलेलं लुगडं नेसायचं आणि त्याला काठ असायचा आईचा, म्हणजे सून होऊन आल्यावर तिनं मागावर बसवून घेतलेला. तुळजाचा काठ चिंचेच्या पानांचा होता. मी उमरेडहून माझ्या माहेरचा, करवतीच्या दातांसारखा करवती काठ घेऊन आले. आता शामलाला कोणता, हे मी विचारलंच नाही. मी तिची वेणी घालत होते आणि ती बापाला म्हणाली, “बाबा, मले माझ्या मायचाच काठ पायजे.” वेणी माझ्या हातात होती हो!

तुळजाला मी कधी पाहिलं नाही. मी यायच्या आधीच ती तापानं गेली. पण जिवंत सवत बरी, निदान भांडता तरी येतं. सुरुवातीला हे मला हाक मारायचे तीच मुळी “तुळजा” म्हणून. मग जीभ चावायचे. मी काय कमी होते? कुणी चिंचपानाचा काठ मागायला आलं की दारातूनच सांगायची, “थो आता होत नाही, करवती घ्या.” यांच्याकडून रोज करवती विणून घेतला, रोज. दोन वर्षांत चिंचपान मागावरून उतरलं आणि हाकही सुधारली. मी सुभद्रा झाले. तुळजाचं एक लुगडं पेटीत उरलं होतं, ते एका दुपारी भांडेवालीला देऊन मी स्टीलचं पातेलं घेतलं. आजही त्यात दूध तापतं.

या गोष्टीला तेरा वर्षं झाली. आता तिसरा दिवस होता आणि यांच्या हाताखाली करवतीच उतरत होता. विणायचं, उसवायचं. गल्लीतल्या रुखमाबाईकडेही हे जाऊन आले. तिच्याकडे तसं लुगडं होतं, पण गोधडीत गेलेलं, आणि गोधडीही कधीच फाटून संपलेली.

“शालिकरामभाऊ,” ती म्हणाली म्हणे, “तुमच्या हाताले आठवत नाही, थे आमाले काय आठवन?”

“काहून थांबले?” मी दारातूनच यांना विचारलं.

“आठवूनच नाही राहिलं वं. तिचं एक पान काढतो, अन् दुसऱ्या पानाले तुहा काठ आडवा येते. तुहा बाजूले सारतो, त पुढं काहीच नाही. पेटीतलं थे लुगडं आन बरं, पाहून विणतो.”

“उंदरांनी खाल्लं थे. कवाच.”

त्यांनी लगेच विश्वास ठेवला. एवढा विश्वास कुणी कुणावर ठेवू नये.

“तिचा चेहरा त पहिलेच गेला,” ते म्हणाले. “मले वाटलं, काठ त हातात राहीन. आता पोरीले काय सांगू?” आणि खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसले.

मी जिंकले होते. आत गेले, पातेलं चुलीवर ठेवलं आणि तिथंच बसून राहिले. कारण तो काठ मला पाठ होता. पहिली दोन वर्षं घरात कुणी नसलं की मी पेटी उघडायची, लुगडं मांडीवर घ्यायची, आणि हिच्यात असं काय आहे जे माझ्यात नाही, म्हणून सुईच्या टोकानं एकेक धागा मोजायची. स्वतःचा करवती मी कधी मोजला नाही. ज्यानं जीव लावला तो विसरला, आणि जी जळत होती तिच्या डोळ्यांपुढून पान हलत नव्हतं. दूध उतू गेलं तेव्हा उठले.

बाहेर येऊन मागाजवळ बसले. “उचला,” मी म्हणाले. “तीन उचला, एक सोडा. मंग दोन उचला, एक सोडा. देठाले एकच लाल.”

त्यांनी वळून पाहिलं. “तुले कसं माहीत?”

“इचारू नका. विणा.”

पहिलं पान आलं. दुसऱ्या पानाला मी श्वास रोखला, पण करवती आडवा आला नाही. तिसऱ्या पानापासून यांचे हात मोकळे झाले, धोटा पूर्वीसारखा पळायला लागला. चेहराही बदलला. असा चेहरा मी या माणसाचा कधी पाहिला नव्हता.

“हं, पुढं?” मान वर न करता ते म्हणाले. “सांग ना तुळजा, पुढं काय?”

या वेळी जीभ चावली नाही. त्यांना कळलंच नव्हतं.

“आता देठ,” मी म्हणाले. “एक लाल उचला.”