रिकामा ग्लास

"आक्का, केसांना काही लावलं नाहीस ना?" धाकट्या भावानं दारातच विचारलं.

"लावलंय की. पाणी."

"तसं नाही गं, आज वासाचं काही नको म्हणून म्हटलं."

"तू पाळण्यात होतास तेव्हापासून हा नियम मी पाळतेय. सरक बाजूला."

आक्का स्वयंपाकघरात जाऊन आपल्या खुर्चीवर बसली. टेबलावर दोन बाटल्या पायमोजे घालून उभ्या होत्या. भावजयीनं नवऱ्याचे लोकरी मोजे त्यांना मानेपर्यंत चढवले होते, एकीला करडा, दुसरीला तपकिरी. कुठली कुणाची, ते फक्त तिला ठाऊक.

"धुतलेत का गं?" म्हातारे काका म्हणाले. "नाहीतर चव मोज्यांचीच लागायची."

"दोनदा धुतलेत, काका."

शॅम्पेन करणारं हे घर तीन पिढ्यांचं. एखादा हंगाम फारच चांगला निघाला तर त्या बाटलीवर सालाचा आकडा घालत. पण चूल पेटायची ती आकडा नसलेल्या बाटलीवर. नव्या हंगामाच्या वाइनमध्ये मागच्या कितीतरी सालांची राखून ठेवलेली वाइन अशा बेतानं मिसळायची, की पिणाऱ्याला वाटावं, गेल्या खेपेला प्यालो तीच ही. ऊन लहरी, दंव लहरी, द्राक्षंही लहरी. बाटलीला मात्र लहरी होऊन चालत नाही. वडील गेल्यापासून हा मेळ घालायचं काम आक्काचं. लग्नाचं वय त्या पिंपांमध्येच निघून गेलं. बाटलीवर नाव आधी वडिलांचं आलं, मग भावाचं. तिचं कुठंच नव्हतं. पण चव तिची होती, आणि तेवढ्यावर ती तृप्त होती.

मग भावाचा मुलगा, तिचा भाचा, शिकून परत आला. भाऊ म्हणाला, पोरालाही करून बघू दे. दोघांनी त्याच पिंपांतून आपापला मेळ घातला, थोड्या थोड्या बाटल्या भरल्या आणि तळघरात निजवल्या. तीन वर्षांनी आज त्या उघडायच्या होत्या. ज्याची बाटली घराला पसंत पडेल, त्याच्या हाती मेळाची खोली. हरलेल्यानं पुन्हा पिंपांना हात लावायचा नाही.

निवडायची रीत वडिलांनी घालून दिलेली. कुणी तोंड उघडायचं नाही. समोर दोन ग्लास. जो आवडेल तो तळापर्यंत प्यायचा, दुसरा तसाच ठेवायचा. वडील म्हणत, "तोंड भिडेला पडतं, ग्लास पडत नाही." ग्लास घरातल्या थोरांनाच मिळायचे, म्हणजे भावाला, काकांना आणि आक्काला. भाचा भिंतीला टेकून उभा होता. चेहरा उतरलेला.

आक्कानं आधी तपकिरी मोज्यातली तोंडाला लावली. वाईट नव्हती. पण पुढं पुढं करणारी, गोडसर, पाहुण्यांसमोर हसून बोलणाऱ्या सुनेसारखी. पोरानं साखर सांभाळली नाही, तिच्या मनात आलं. शाळेत शिकून जीभ येत नाही.

मग करडी. पहिल्या घोटालाच तिचे खांदे सैल झाले. भाजलेल्या पावाच्या कडेचा वास, कच्च्या सफरचंदाचा आंबटपणा, आणि शेवटाला खडूसारखं कोरडं काहीतरी जिभेवर रेंगाळणारं. हीच ती. अंधारात हात घातला तरी आपलं भांडं ओळखावं, तशी तिनं ती ओळखली. एरवी ती चाखून थुंकायची. इतक्या वर्षांत सुखानं प्यायलीच नव्हती. आज प्यायली. सावकाश, डोळे मिटून, शेवटच्या थेंबापर्यंत.

डोळे उघडले तर काकांनी तपकिरी संपवून मिश्या पुसल्या होत्या. काकांना काय, गोड दिसलं की झालं. भावाचा मात्र करडीचा ग्लास रिकामा होता. आक्काचा ऊर भरून आला. पोटच्या पोराला सोडून त्यानं बहिणीच्या हाताला कौल दिला होता.

"काढ गं मोजे," ती म्हणाली.

भावजयीनं करडा मोजा खाली ओढला. बाटलीच्या मानेला निळा दोरा होता. निळा भाच्याचा. आक्काचा पांढरा.

काका म्हणाले, "म्हणजे मीच एकटा आक्काच्या बाजूनं?"

"तू... हे कसं केलंस रे?" आक्कानं विचारलं. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

भाचा जमिनीकडं बघत राहिला. "आत्या, मी माझं काही केलंच नाही. तळघराच्या कोपऱ्यात तुझ्या जुन्या बाटल्या होत्या, तू चाळिशीत असतानाच्या. त्या उघडून चाखत गेलो. इतकी वर्षं बाटलीत मुरून आलेली चव वजा केली तर मुळात काय उरतं ते शोधत बसलो. ती तुझीच आहे."

"आणि आत्ताची?"

"आत्ताची..." त्यानं बापाकडं बघितलं.

"हळूहळू गोड होत गेली, आक्का," भाऊ म्हणाला. "मला कळत होतं. तुला कुठल्या तोंडानं सांगणार?"

"इतकी वर्षं गप्प बसलास त्याच तोंडानं सांगायचं होतंस."

तेवढ्यात घराच्या पुढच्या भागातल्या दुकानाची घंटा वाजली. भावजय उठायला लागली, पण आक्काच उठली. तिला त्या टेबलापासून दूर जायचं होतं.

दुकानात एक गृहस्थ आणि त्यांची बायको उभी होती. लेकीचं लग्न ठरलं होतं.

"नेहमीची द्या," गृहस्थ म्हणाले. "दर वर्षी तुमच्याकडूनच नेतो."

आक्काचा हात फळीकडं गेला आणि थांबला. "खरं सांगू का? यंदाची नका नेऊ. जरा गोडाकडं झुकलीय. मागच्या दोन-चार सालांच्या बाटल्याही तशाच होत्या. तीनेक वर्षांनी याल तेव्हा पहिल्यासारखी मिळेल."

नवरा-बायकोनं एकमेकांकडं बघितलं. बाई हसल्या. "अहो, आम्हाला काय कळतंय त्यातलं! फसफसली म्हणजे झालं."

"खरंय," आक्का म्हणाली.

तिनं बाटली घेतली. पातळ कागद टेबलावर पसरला, बाटली आडवी ठेवली आणि गुंडाळायला लागली. एक कड वाकडी गेली. तिनं सगळा कागद उलगडला, हातानं सपाट केला आणि पुन्हा पहिल्यापासून घड्या घालायला घेतल्या.

"राहू द्या हो," गृहस्थ म्हणाले, "घरी जाऊन फाडायचाच आहे."

आक्कानं मान वर केली नाही.