तिसरी तक्रार

सकाळी आठ ते अकरा कॉफीच्या दुकानात काउंटर सांभाळणं म्हणजे काय, ते ज्यानं सांभाळलंय त्यालाच ठाऊक. कुणाला साखर नको, कुणाला फेस नको, कुणाला कपच दुसरा हवा, आणि मागचा माणूस घड्याळ बघत पुढच्याच्या मानेवर उसासे टाकतोय. या सगळ्यांना आमची काउंटरताई चार वर्षं हसतमुखानं पुरून उरली होती. आता तिला शिफ्टप्रमुख करायचं घाटत होतं. अट एकच, या महिन्यात तिच्याविरुद्ध एकही तक्रार टिकता कामा नये.

शिफ्टप्रमुखाला दहाला आलं तरी चालतं. म्हणजे लेकीची वेणीफणी, डबा, शाळा सगळं उरकून निघता आलं असतं. नवरा दुसऱ्या गावी नोकरीला, त्यामुळे तीन वर्षं हे सगळं ताईची आई करत होती. तीही पहाटे पाचला उठून. बढतीचं मात्र ताईनं घरी अवाक्षर काढलं नव्हतं. हातात पडलं की सांगू, उगाच आशेला कशाला लावायचं, असा तिचा विचार.

आणि नेमकी याच महिन्यात तक्रार आली.

दुकानाच्या प्रत्येक बिलाखाली एक वेगळा नंबर छापलेला असतो. तो मोबाइलवर टाकायचा आणि काय वाट्टेल ते लिहायचं, नाव द्यायची गरज नाही. कुणीतरी लिहिलं होतं, 'काउंटरवरच्या बाई फार दमलेल्या दिसतात. डोळ्यांखाली काळं आलंय.' ताई हसली. चार दिवसांनी दुसरी आली. 'बाई सकाळी काही न खाता येतात. हात थरथरतात. अशांना कामावर ठेवू नये.'

आता मात्र ती हसली नाही. कारण त्या दिवशी ती खरंच उपाशीपोटी आली होती. हे गिऱ्हाइकाला कसं कळलं? कोण आपल्या पोटावर आणि डोळ्यांवर इतकी नजर ठेवून आहे? तिच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

"दोन्ही महिनाअखेरपर्यंत थांबवून ठेवतो," मॅनेजर म्हणाले. "तुम्ही शहानिशा करा. कुणाशी वाकडं आहे का?"

वाकडं कुणाशी नव्हतं, पण संशयाला त्याची काय गरज? पहिला नंबर लागला तो ताईनं 'जावईबापू' असं नाव ठेवलेल्या एका गिऱ्हाइकाचा. हे गृहस्थ खुर्चीत असे बसत, जणू आता कुणीतरी पाय धुवायला येणार आहे. पण ते आपल्या मोबाइलपलीकडे जगाकडे बघतच नसत. मग राहिले कोपऱ्यातले कोडेवाले. साठीचा माणूस, रोज नऊला येणार, कॉफी सांगणार, पेपरातलं शब्दकोडं उघडून बसणार. एक अक्षर लिहायचं आणि मान वर करून ताईच्या तोंडाकडे टक लावून बघायचं. परत एक अक्षर, परत टक.

"कोडं कसलं डोंबलाचं," ती मशीनवरच्या मैत्रिणीला म्हणाली. "माझीच नोंद चाललीय तिथे."

"अगं, म्हातारा माणूस आहे."

"म्हाताऱ्यांना डोळे नसतात वाटतं?"

तिनं त्यांचा बंदोबस्तच केला. ते दिसले की पाठ करायची. त्यांच्या कॉफीचा नंबर पुकारायचा तोही मशीनकडे तोंड करून. दोनदा त्यांची कॉफी काउंटरवर निवून गेली, तरी ते उठले नाहीत. ताईला वाटलं, बघ, हा कॉफी प्यायला येतच नाही. तिचा संशय पक्का झाला. आठवडाभर तिनं त्यांना पाठच दाखवली, आणि खोटं कशाला बोला, त्यात तिला बरंही वाटलं.

रविवारी ती घरी सामानाची यादी शोधत होती. दुकानात पडलेली बिलं ती घरी आणायची. मागची बाजू कोरी असते, आईला याद्या करायला बऱ्या. फ्रिजवरच्या यादीत दूध, साबण, कांदे होते. तिनं कागद उलटला तर चव्वेचाळीसशे सतरा. पहिल्या तक्रारीचा हा नंबर तिला दोन आठवड्यांत तोंडपाठ झाला होता.

"आई, हे तू लिहिलंस?"

आईनं आधी यादीकडे बघितलं, मग तिच्याकडे. नाही म्हणाली नाही.

"का पण?"

"काढून टाकतील, मग घरी थांबशील, असं वाटलं."

"मला सांगायचं होतंस ना."

"सांगायला बसले की तुझा फोन वाजतो, नाहीतर तू झोपतेस."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. ओरडायला तोंड उघडलं, पण पोरगी शेजारी बसली होती. "परत लिहू नकोस," एवढंच म्हणून ती आत गेली. बढतीचं तेव्हाही सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी लाज गिळून तिनं मॅनेजरना सगळं सांगितलं. ते पोट धरून हसले आणि दोन्ही तक्रारी त्यांनी काढून टाकल्या. दुपारी परत बोलावणं आलं.

"आईसाहेबांना आता पुरे म्हणा. तिसरी आलीय. हीपण काढतो, तुम्ही फक्त हो म्हणा."

बजावूनही परत? ताईनं रागारागानं कागद ओढून घेतला.

'मला ऐकू कमी येतं. नंबर पुकारताना या बाई माझ्याकडे तोंड करायच्या, मला ओठांवरून समजायचं. म्हणून लांबून या दुकानात येत होतो. आठ दिवस झाले, त्या मला बघून पाठ फिरवतात. माझं काय चुकलं ते कळलं नाही. कुणाला विचारायचं तेही कळलं नाही, म्हणून इथे लिहितो.'

तिनं परत वाचलं. काचेतून कोपरा दिसत होता. सकाळपासून तिथे कोडेवाले आले नव्हते, आणि ते आले नाहीत म्हणून सकाळी ती खूश झाली होती. तिला स्वतःची इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"हो ना?" मॅनेजरनी विचारलं. "घरचीच ना?"

"नाही. ही खरी आहे. राहू द्या."

"बढती जाईल, ताई. परत विषय निघायला सहा महिने लागतील."

"कळतंय मला."

मागच्या दारात, रिकाम्या खोक्यांपाशी उभं राहून तिनं आईला फोन लावला. बढतीचं सांगितलं, ती गेल्याचं सांगितलं, कशानं गेली तेही सांगितलं. काही लपवलं नाही.

"अजून सहा महिने पाचला उठावं लागेल तुला," ती म्हणाली. "जमेल का? खरं सांग."

पलीकडे नळ वाहत होता. आईनं तो बंद केला.

"नाही गं," आई म्हणाली. "नाही जमणार."