मधला खांब

जुन्या जालन्यातल्या नाट्यमंडळाच्या रंगमंचावर ऐन मधोमध दगडी खांब होता. खरं तर खांब आधीचा. निजामाच्या काळातल्या त्या सरकीच्या गोदामात मंडळानं रंगमंच नंतर बसवला. त्यामुळे नाटक कुठलंही असो, खांब त्यात असायचाच. राजवाड्यात असायचा, रेल्वे स्टेशनात असायचा. एकदा भर समुद्रातही होता.

इमारत न पाडता वाढवायची ठरली आणि काम अर्पिताला मिळालं. ती याच गल्लीतली, याच रंगमंचावर लहानपणी ससा झालेली, आता आर्किटेक्ट. तिनं दगडी भिंती राखल्या, मागं नवं दालन काढलं, एमआयडीसीतून गर्डर आणून छताचा भार त्यावर घेतला आणि खांब काढला. कमिटीनं पेढे वाटले.

पहिल्याच तालमीत तातेराव मधोमध आले आणि नुसते उभे राहिले.

तातेराव म्हणजे मंडळाचे कायमचे राजे. दुःखाच्या प्रसंगी खांबावर हात ठेवायचे, डोळे मिटायचे, जरा थांबायचे आणि मग असं बोलायचे की बायका पदर डोळ्याला लावायच्या. त्यांचं बघून सगळं मंडळ तसंच दुःख करायला शिकलं होतं. मंडळातला दुसरा नट रामप्रसाद त्याच तालमीत सवयीनं टेकायला गेला आणि आडवा झाला.

अर्पितानं तातेरावकाकांना बाजूला घेऊन विचारलं.

"पोरी, मला एक बी नाटक पाठ न्हाई," तातेराव म्हणाले.

पाठ होती ती त्यांच्या बायकोला. कांताबाई खांबामागं गहू निवडत बसायच्या. नवऱ्यावर जीव आहे म्हणून बसतात, असं मंडळ समजायचं. ते खोटं नव्हतं. पण निवडता निवडता त्या दबक्या आवाजात वाक्यंही पुरवायच्या.

उद्घाटन तोंडावर आलेलं. कमिटी राजाचं काम रामप्रसादला द्यायला निघाली. अर्पिताला रडूच यायला लागलं. काकांचं राज्य तिनंच घालवलं होतं. विंगेतून कांताबाईंचा दबका आवाज मधोमध पोचेना, म्हणून तिनं काकांच्या कानात बसवायचं यंत्र आणलं. पण कानात बायकोचा आवाज येताच तातेरावांना घरी असल्यासारखं वाटायचं. शत्रूनं युद्धाला ललकारलं, तर राजा म्हणाला, "बरं, आणतो."

शेवटी ती कांताबाईंकडे गेली. "काकू, खांब परत उभा करू का?"

"कशाला?" कांताबाई म्हणाल्या. "बोलत तर मीच होते. मंग मीच येते की."

उद्घाटनाला पडदा उघडला. राजवाड्याच्या मधोमध प्लॅस्टिकची खुर्ची, खुर्चीत कांताबाई, मांडीवर सूप. तातेराव आले, त्यांनी बायकोच्या खांद्यावर हात ठेवला, डोळे मिटले. कांताबाई बोलल्या, मागोमाग राजा बोलला. आता लपायचं काही नव्हतं, म्हणून बाईंनी आवाज चांगला मोकळा सोडला होता. अख्खं नाटक लोकांनी दोनदा ऐकलं. बायकांनी पदरही दोनदा लावले.

बाहेर पडताना कमिटीचे अध्यक्ष अर्पिताजवळ थांबले. आवाजाची सोय बिलकुल झकास केलीस, म्हणाले. मागच्या रांगेतसुद्धा एक शब्द सुटला नाही.

अर्पितानं आभार मानले.