ठिणगीने जगवलेला गुलाबी जिवाणू

मित्रांनो, मी डोळ्यांना न दिसणारा एक गुलाबी जिवाणू आहे. आमचे कूळ जुने, भाताच्या पानावर नांदणारे. वाढते पान आपल्या श्वासासोबत किंचित मिथेनॉल बाहेर टाकते. माणसाला ते विष, आम्हाला ते अन्न. ते खाऊन आम्ही पानाला वाढीची रसायने देतो. हा आमचा शेजारधर्म.

इंडोनेशियातल्या जोगजकार्ताजवळच्या शेतातून वेनिंग नावाच्या विद्यार्थिनीने मला प्रयोगशाळेत आणले. आमच्या प्रथिनांतून तळ्यातल्या मागूर माशांचे खाद्य करावे, हे तिचे स्वप्न. "खा रे बाळांनो," ती म्हणे, "मासे वाट बघतायत."

मिथेनॉल पचवण्याचे हत्यार कोणते जनुक घडवते, हे दाखवण्यासाठी तिने माझे आणि माझ्या भावंडांचे एक जनुक तोडले. वेदना झाली नाही, भूक मात्र उरली. अन्नाच्या समुद्रात बुडून उपाशी राहण्याइतके एकटेपण मला ठाऊक नाही.

माझी भावंडे बाटल्याबाटल्यांतून उपाशी, निपचित पडली. माझी बाटली तेवढी गुलाबी झाली.

वेनिंगच्या मार्गदर्शक इबू रत्नोवती, म्हणजे रत्नोवतीबाई, यांनी ती हातात घेतली. "हे काय, सरबत केलंस?"

"तेच जिवाणू आहेत, इबू."

"जनुक तुटलंय, मग जगले कशावर? तुझ्या लाडावर? बाहेरचा जंतू शिरलाय. टाक जंतू मारायच्या वाफेत. हे प्रबंधात लिहिलंस, तर परीक्षक तुलाही वाफेत घालतील."

"एकदा तपासू तरी द्या ना!"

"बरं. पण कारण सापडलं नाही, तर बाटलीही जाईल आणि तुझं वर्षही."

तपासणीत बाटलीत मीच निघालो, जनुकही तुटलेलेच. कारण मात्र सापडेना. तेव्हा वेनिंग काम कसे करते, हे पाहायला इबू स्वतः तिच्या शेजारी बसल्या. दुपार घामाने चिकट झाली होती. डोक्यावर पंखा फिरत होता आणि त्याच्या वाऱ्याने स्पिरिटचा दिवा पुन्हापुन्हा विझत होता. वेनिंगने उघड्या बाटलीवरूनच चकमकीचा लायटर घासला. ठिणग्या उडाल्या, काही बाटलीत पडल्या.

"न्डुक! अगं पोरी, पंखा लावून कुणी जिवाणू वाढवतं का?"

"बंद केला की मीच शिजते, इबू. त्या बाटलीच्या वेळीही असंच..."

ती हातातल्या लायटरकडे पाहू लागली. इबूंनी लायटर हातात घेतला. "या चकमकीत सीरियम असतं. असल्या धातूवर चालणारं दुसरं हत्यार काही जिवाणूंकडे असतं म्हणे. वाचलं होतं मी. आणि बघ, साफ विसरले."

मग त्यांनी पंखा बंद करून माझ्या काही उपाशी भावंडांना सीरियमची चिमूट दिली, काहींना दिली नाही. चिमूट मिळालेल्या बाटल्यांत हळूहळू गुलाबी पहाट झाली. उरलेल्या पाण्यासारख्या नितळ राहिल्या.

"हिला वाफ नको," माझ्या बाटलीवरचा घाम रुमालाने टिपत इबू म्हणाल्या. "थंड कपाटात ठेव. आणि प्रबंधात पंख्याचंही लिही, लाजू नकोस."

मित्रांनो, माझ्या आत दुसरे हत्यार निजलेले आहे, हे मलाही माहीत नव्हते. तुमच्या शेजारी कुणी हरलेला, मिटलेला दिसला, तर त्याला निकामी म्हणण्याची घाई करू नका. त्याला जगवणारी चिमूट कदाचित अजून कुणी त्याच्यापुढे ठेवलेलीच नसेल.