भिवाजीची झडती

भिवाजीनं श्वासाच्या व्यायामाच्या यंत्राची नळी तोंडात धरली आणि जीव एकवटून श्वास ओढला. यंत्रातली पहिली गोळी टुणकन वर गेली, दुसरी डुगडुगत चढली, तिसरी मात्र ढिम्म.

"आज पोळ्याच्या दिवशी तरी चढ वं बाई," तो तिला म्हणाला.

"तिले काय सांगून रायले? झडती म्हणाचं खूळ डोक्यातून काढा," त्याची बायको सुचिता चुलीपाशी पुरण वाटता वाटता म्हणाली.

माघात साधा ताप म्हणून आलेला आजार दोन्ही फुप्फुसांत उतरला होता. नागपूरच्या दवाखान्यात यंत्रानं श्वास द्यावा लागला. भिवाजी जिवानिशी परतला, पण फुप्फुसांवर व्रण राहिले. चार शब्द सलग बोलला की दम लागे. त्याहून वाईट म्हणजे, सारं रामाकोना गाव त्याच्याशी हळू आवाजात बोलू लागलं होतं. कोणी चिडवेना, कोणी भांडेना. खालच्या आळीचा गुणवंता, ज्याच्याशी त्याची जन्माची जुगलबंदी, तोही भेटला की नुसता "बरं हाय नं?" एवढंच विचारी. भिवाजीला ते औषधापेक्षा कडू लागे. आज झडती म्हणता आली नाही, तर आपण कायमचे पेशंट झालो, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

संध्याकाळी तोरणाखाली बैल उभे राहिले. भिवाजीची वरची आळी एकीकडे, खालची दुसरीकडे. एका बाजूनं झडती म्हणायची, म्हणजे यमक जुळवून टोमणा हाणायचा, तो संपला की त्याच बाजूनं महादेवाचा गजर करायचा, आणि समोरच्यांनी ओठ आवळून ऐकायचं, ही इथली रीत. गुणवंता छाती काढून पुढे आला.

"रामाकोन्याचा भाता नागपुरात फाटला,
ठिगळ लावून आणला तं नवाच वाटला,
फुंकून पायलं आज तं आवाजच आटला!"

खालच्या आळीलाही गजर करायचं सुचेना. सुचिताच्या तोंडून शिवी निसटली. भिवाजी मात्र खदखदून हसला. कितीतरी महिन्यांनी कोणीतरी त्याची टिंगल केली होती! त्यानं कासरा सुचिताकडे दिला आणि पुढे झाला.

"गुणवंताचा बैल, गावात देखणा..."

आणि दम संपला. छाती भात्यासारखी हलू लागली, पुढचा शब्द ओठांवर येऊन अडला. लोक एकमेकांकडे पाहू लागले. तेवढ्यात कुठूनसा आवाज उठला, "हर हर महादेव!" झडती संपली समजून सगळ्यांनी री ओढली. गजर ओसरेपर्यंत भिवाजीचा श्वास जुळला.

"अरे थांबा, झाली नाई अजून!" तो ओरडला. हशा पिकला.

"बाजूले मालक उभा, त्याच्याहून ठेंगणा..."

पुन्हा दम गेला, पुन्हा तोच आवाज, पुन्हा गजर. या खेपेला भिवाजीनं पाहिलं. गजर खालच्या आळीतून उठत होता. हात उंचावून पहिला ओरडणारा गुणवंता होता.

भिवाजीचे डोळे भरून आले. त्यानं ते पुसले नाहीत. सावकाश, पोटभर श्वास घेतला.

"लोकं पुसून रायले, यातला बैल कोणता, सांग ना!"

सारं मैदान हसून लोळलं. वरच्या आळीनं आभाळ दणाणून सोडलं. पोरं नाचली, बैल बुजले, पदर सावरत सुचिताही ओरडली. गुणवंता तेवढा ओठ घट्ट आवळून, समोरच्या पक्षानं राहावं तसा गप्प उभा होता.

तोरण तुटलं. बैल घेऊन घरोघर जायची वेळ झाली.

"इतकी वर्षं झडत्या म्हणून रायला तो गुणवंता," सुचिता म्हणाली, "अन् झडती संपली का नाई, तेबी त्याले समजत नाई."

"नाई समजत त्याले," भिवाजी म्हणाला.

त्यानं कासरा हाती घेतला, बैल खालच्या आळीकडे वळवला आणि पहिलं दार गुणवंताचं गाठलं.