ताट वाजेपर्यंत

“आपल्या घरातलं हे तिकडं गेलं कसं?” विठ्ठलरावांनी मोबाइल विमलबाईंच्या नाकासमोर धरला.

उद्या बीडला जाऊन तो सिनेमा बंद पाडायचा, असं चकलांब्यात ठरलं होतं. आपल्या बायका रूढींच्या दावणीला बांधलेल्या दाखवल्यात म्हणे. सिनेमा कुणीच बघितला नव्हता. पुढाऱ्याला बघायला वेळ कुठला, बंद पाडायला मात्र असतो. आज कुणीतरी ट्रेलर पाठवला आणि विठ्ठलरावांच्या मनात पाल चुकचुकली.

ट्रेलरमध्ये एक माणूस जेवण झाल्यावर अंगठीनं ताटाचा काठ वाजवत होता. टण्, टण्. मग दाराआडून बायको येऊन त्याच उष्ट्या ताटात जेवायला बसत होती. अशा जेवणाऱ्या बाया गावोगाव होत्या. पण ताट वाजवून बोलवायची खोड एकट्या विठ्ठलरावांची.

“तुजी सून!” ते म्हणाले. “दिवसभर फोनवर आसती. घरचा भेदी तीच. उद्याचं मागून, आजच हिला माहेरी घालवतो. परत आनायची न्हाई.”

“मामा, लेकराची आन, मी न्हाई सांगितलं,” तेजश्री रडकुंडीला आली.

विमलबाईंनाही ते खरं वाटेना. पोरगी शिकलेली, बोलकी. निसटलं असेल तोंडातून. त्या सुनेकडे संशयानं बघत राहिल्या.

तेवढ्यात ट्रेलर पुन्हा सुरू झाला. पडद्यावरची शेजारीण विचारत होती, “जेवलीस का गं?” बायको हसून म्हणाली, “आजून ताट न्हाई वाजलं.”

हे शब्द विमलबाईंचेच होते. गेल्या हिवाळ्यात शहरातली एक बाई पाणी मागायला आली होती. ओट्यावर बसून त्यांच्याबरोबर तुरीच्या शेंगा सोलू लागली, आणि दुपार टळताना म्हणाली, “मावशी, जेवलात का?” तेव्हा विमलबाईंनी हसत हेच उत्तर दिलं होतं, आणि तिनं खोदून विचारलं तसं अंगठीचंही सांगितलं होतं. त्यात लपवण्यासारखं काही आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

आता बोलावं तर नवऱ्याचा राग, गप्प बसावं तर चोर सोडून संन्याशाला फाशी. त्यांनी मुकाट्यानं ताट वाढलं. विठ्ठलराव जेवायला बसले. आतल्या खोलीत तेजश्री मुसमुसत पिशवी भरत होती. ते ऐकून विमलबाईंना राहवेना.

“आवो, तिला नगा धाडू. मी सांगितलं.”

घास हातातच राहिला. “तू? कावून?”

“शेरातली बाई पानी मागाय आली व्हती. जेवलात का म्हनून इचारलं तिनं,” विमलबाई म्हणाल्या. “ह्या घरात कुनी कदी इचारलं न्हाई मला.”

विठ्ठलरावांचा खरकटा हात वाळून गेला. अंगठीचं बोट सवयीनं काठापर्यंत गेलं आणि तिथूनच माघारी आलं. ते उठले, चूळ भरली आणि चपला घालून बाहेर पडले. ताट तसंच राहिलं.

तेजश्रीनं पिशवी खाली ठेवली. फळीवरचं धुतलेलं ताट काढून त्यात भाकरी-कालवण वाढलं.

“आत्या, बसा.”

विमलबाई बसल्या. सकाळपासून पोटात काही नव्हतं. त्यांनी घास मोडला, तोंडापाशी नेला आणि थांबल्या. कान अजून ताट वाजण्याकडंच लागला होता.