मागे राहिलेलं हेग्रानेस

आमच्या हालोगालांडात, पार उत्तरेच्या किनाऱ्यावर, जमीन म्हणजे डोंगर आणि समुद्र यांच्यात कशीबशी सापडलेली पट्टी. मागे कडा, पुढे पाणी, मधे गाई चरतील एवढं हिरवं. जव पिकतो, पण दर वर्षी पिकेलच असं नाही. मासा मात्र कधी पाठ फिरवत नाही. किनाऱ्यासमोर पाण्यात इतके खडक आणि बेटं विखुरलेली आहेत की नवखा माणूस होडी घेऊन निघाला तर संध्याकाळपर्यंत आपण नक्की कुठे आहोत तेच त्याला कळणार नाही.

या पट्टीवर हेग्रानेस नावाचं भूशीर आहे. ओहोटीला तिथे बगळे उतरतात, त्यावरून ते नाव पडलं. आता सांगतोय ती गोष्ट फार जुनी आहे. दक्षिणेचा राजा एकेक किनारा हाताखाली घालत उत्तरेकडे सरकत होता, त्या काळातली.

हेग्रानेसचा धनी वेब्यर्न. म्हातारा झाला होता, डोळ्यांनी अधू. कारभार त्याचा मुलगा ओड्लेव पाही. ओड्लेव दिलाचा मोठा पण डोक्याने गरम. राजाचा माणूस कर म्हणून कातडी आणि पिसं मागायला आला तेव्हा ओड्लेवनं त्याला रिकाम्या हाती परत पाठवलं, आणि जाता जाता त्याची दाढीही ओढली. नुसतं परत पाठवलं असतं तर कदाचित निभावलं असतं. दाढी ओढल्यावर मात्र काही खरं नव्हतं. राजाची माणसं पुन्हा यायच्या आत निघणं भाग होतं.

तेव्हा सगळेच आइसलंडला निघाले होते. तिकडे राजा नाही, जमीन मोकळी पडली आहे, हवी तेवढी घ्या, अशी बातमी होती. ओड्लेवनं जहाज भरलं. बायको, दोन मुलं, गडीमाणसं, मेंढ्या, बियाण्याचा जव. घरातले कोरीव खांबही त्यानं उपटून घेतले. घरधनी ज्या आसनावर बसतो त्याच्या दोन बाजूंचे खांब ते. घराचं दैव त्यांच्यात असतं असं आमची माणसं मानत. खांब निघाले तसं छप्पर तिथे खचलं. ओड्लेवनं बर्चचे दोन ओले ओंडके टेकू म्हणून लावून दिले.

म्हातारा मात्र जागचा हलेना.

"बाबा, चला आता. भरती आली."

"तुम्ही निघा. मला इथं बरं आहे."

"राजाची माणसं येतील, बाबा."

"येऊ देत की. मी कुणाची दाढी ओढलेली नाही."

ओड्लेव खाली मान घालून उभा राहिला. मग आस्नी म्हणाली, "मी राहते बाबांजवळ."

आस्नी ही ओड्लेवची मोठी बहीण. तिचा नवरा मासेमारीला गेला तो परत आला नव्हता, मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून ती माहेरीच होती. लोणी काढणं, लोकर कातणं, वासरं वाढवणं, सगळं तिच्याच अंगावर.

"पुढच्या उन्हाळ्यात येतो, ताई," ओड्लेव म्हणाला. "तोवर बाबांची समजूत काढ. दोघांना घेऊन जातो."

"ये."

"येतो म्हणजे येतोच."

जहाज खडकांच्या मधून बाहेर पडलं. कुणीही 'तू कशाला राहतेस, चल' असं म्हटलं नव्हतं. त्या दिवशी हे तिच्या ध्यानात आलं नाही. ध्यानात आलं ते पुढे, हिवाळ्यात.

घर लांबलचक होतं, वीस-पंचवीस माणसांचं. एका टोकाला गाई, दुसऱ्या टोकाला माणसं. आता माणसं दोन आणि गाई तीन. शरद संपता संपता आस्नीनं वेब्यर्नचं अंथरूण गाईंच्या बाजूला हलवलं. तिकडे ऊब होती.

"मला गोठ्यात टाकलंस होय?" म्हातारा म्हणाला.

"मीही इथंच झोपणार आहे."

"मग ठीक. तिघींची सोबत आहे, चौथी तू."

आमच्याकडे मध्य हिवाळ्यात सूर्य डोंगराच्या वर येत नाही. दुपारी आकाशाला जरा निळसर उजेड चढतो आणि उतरतो, तेवढाच दिवस. अशाच एका उजेडात आस्नी दूध काढत होती. वेब्यर्न तिला सांगत होता की लहानपणी त्याच्या बापानं त्याला समोरच्या खडकांची नावं कशी पाठ करून घेतली. तीन म्हाताऱ्या, आंधळा, ताटातूट, सीलचा पाट. एक नाव चुकलं की रात्रीचं जेवण नाही. तो बोलता बोलता थांबला. आस्नीला वाटलं, पुढचं नाव आठवत असेल. तिनं बादली भरेपर्यंत वाट पाहिली.

"मग पुढे काय, बाबा?"

वेब्यर्न गेला होता.

जमीन दगडासारखी गोठलेली, कुदळ उड्या मारत होती. आस्नीनं बापाला जुन्या शिडाच्या लोकरी कापडात गुंडाळलं, घसरगाडीवर घातलं आणि नावेच्या शेडमध्ये नेऊन ठेवलं. कोल्हे शिरू नयेत म्हणून दाराला दगड लावले. पुढचे दोन महिने ती रोज दुपारी तिकडे जाऊन दगड जागेवर आहेत ना ते पाहून येई. त्या घरात तिला दुसऱ्या कुणाकडे जाण्यासारखं नव्हतं.

बर्फ मऊ व्हायला लागला तसा डोंगरातून आइकिया उतरला. आइकिया सामी होता, डोंगरात फिरत राहणाऱ्या लोकांपैकी, होड्या बांधणारा. जनावराच्या स्नायूंच्या दोऱ्यानं तो फळ्या अशा शिवे की थेंब आत येत नसे. दर वसंतात तो कातडी घेऊन येई आणि लोणी, पीठ घेऊन जाई. वेब्यर्नची आणि त्याची जुनी ओळख.

त्यानं लांबलचक घराकडे पाहिलं, एकाच टोकाला निघणारा धूर पाहिला.

"बाकीचे कुठं गेले?"

आस्नीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि आवाजच निघाला नाही. घशात नुसती हवा. गाईंशी ती बोलत असे, पण कुजबुजल्यासारखं. तिनं खाकरून पाहिलं, मग समुद्राकडे बोट दाखवलं. मग नावेच्या शेडकडे.

आइकियानं मान हलवली. त्यानं कातडी खाली ठेवली आणि कुदळ मागितली. भूशिराच्या टोकाशी, जिथे ऊन आधी पडतं तिथे, दोघांनी खड्डा केला. वेब्यर्नबरोबर त्याची कुऱ्हाड आणि गळ ठेवले. वर दगड रचले.

"तुमची माणसं मोठी अजब," दगड लावता लावता आइकिया म्हणाला. "घर एवढं बांधता की सोडताना जीव जातो. आमचं घर आम्ही पाठीवर घेतो."

"मग पाठ दुखत नाही का?" आस्नीचा आवाज आता थोडा आला होता.

"दुखते. पण सगळ्यांची एकदमच दुखते."

ती हसली, आणि मग तिला रडू आलं. आइकिया तिच्याकडे न पाहता दगड लावत राहिला.

उन्हाळा आला. आमच्याकडे उन्हाळ्यात रात्र होत नाही. गवत दिवसरात्र वाढतं आणि माणसालाही झोप लागत नाही. आस्नी समुद्री बदकांची पिसं गोळा करी, मासे वाळत घाली, आणि कामाच्या मधे मधे कड्यावर चढून पश्चिमेला पाही. शिडं दिसत, पण ती दूरवरून निघून जात. एक शीड आत वळलं, ते राजाच्या कारभाऱ्याचं होतं.

कारभारी सभ्य माणूस होता. त्याची दाढीही शाबूत होती, म्हणजे तो दुसरा कुणी.

"बाई, ही जागा आता राजाची झाली."

"राजा कुठंय?"

"दक्षिणेत."

"मग गाईंना चारा कोण घालतंय ते त्याला सांगा."

कारभारी हसला नाही, रागावलाही नाही. नवं कूळ मिळेपर्यंत राहा म्हणाला, आणि पिसांच्या दोन गोण्या घेऊन गेला.

ओड्लेव आला नाही. गवत कापून झालं, पहिला बर्फ पडला, तरी आला नाही. दुसरा हिवाळा आस्नीनं एकटीनं काढला. या खेपेला ती रोज मोठ्यानं बोलायची. काय बोलायचं ते न सुचल्यामुळे खडकांची नावं म्हणायची, दक्षिणेकडून उत्तरेकडे आणि मग उलट. आवाज टिकला. पण घरात आपलाच आवाज ऐकून कधी कधी तिला भीती वाटे.

पुढच्या उन्हाळ्यात एक व्यापारी जहाज पाणी भरायला थांबलं. त्याचा धनी जाड, बोलघेवडा, आइसलंडला दोनदा जाऊन आलेला. आस्नीनं त्याला मठ्ठा आणि जवाची भाकरी वाढली. तो खाता खाता बोलत होता.

"या जागेचं नाव काय म्हणालीस?"

"हेग्रानेस."

"गंमत आहे. तिकडेही एक हेग्रानेस आहे. इकडच्याच माणसानं वसवलंय. ओड्लेव नावाचा. किनाऱ्यावर खांब उभारलेत त्यानं, सुरेख कोरलेले. बगळा मात्र तिकडे एकही नाही."

आस्नीनं भाकरी मोडून त्याच्यापुढे ठेवली.

"बरा आहे का तो?"

"चांगला आहे. मेंढ्या वाढल्यात. तिसरं मूल झालं. जहाज मात्र वाळूत फुटलं त्याचं पहिल्याच वर्षी, आणि तिकडे झाड म्हणून नाही, दुसरं बांधणार कशाचं? एक बहीण होती त्याची. म्हाताऱ्या बापाला सांभाळत मागे राहिली. दोघंही त्या पहिल्याच हिवाळ्यात गेली."

"असं कुणी सांगितलं त्याला?"

"सांगणार कोण? त्यानंच धरलं तसं. दोनच माणसं, एवढा हिवाळा. मागच्या वर्षी त्यांच्या नावानं मोठं जेवण घातलं, मद्य ओतलं. मी होतो तिथं. माणूस ढसाढसा रडला."

मग व्यापाऱ्याचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे गेलं. हातातली भाकरी त्यानं खाली ठेवली.

"पोरी," तो म्हणाला, "मी तिकडेच चाललोय, जहाजात जागा आहे. काही द्यायला नको. गाई इथंच सोड."

ओहोटीपर्यंत तो थांबतो म्हणाला. आस्नी आत गेली. घरात टेकूचे दोन ओंडके, विझत आलेली चूल, तीन गाई आणि त्यांची दोन वासरं. तिनं एका शालीत काही कपडे बांधलेही. मग ती गाठोडं मांडीवर घेऊन बसून राहिली. ओड्लेवनं दगा दिला नव्हता, हे तिला कळत होतं. जहाज फुटल्यावर तो काय करणार? तरी एक गोष्ट तिला गिळता येईना. तो रडला होता, जेवला होता, हात धुऊन मोकळा झाला होता. ती इथं कड्यावर चढून त्याचं शीड शोधत असताना.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात गाठोडं नव्हतं.

"नाही येत मी."

"का गं? तुझा भाऊ नाचेल आनंदानं."

"नाचेल. आणि मग मला कुठं बसवायचं ते त्याला सुचणार नाही. तिथं मी मेलेली आहे. सगळे माझ्याशिवाय राहायला शिकलेत." ती जरा थांबली. "त्याला सांगा, बाबा शांतपणे गेले. बोलता बोलता गेले."

"आणि तुझं काय सांगू?"

"मी आहे म्हणून सांगा. येऊ नकोस म्हणावं, पोरं लहान आहेत."

व्यापारी गेला. त्यानं निरोप पोचवला की नाही, आम्हाला माहीत नाही. तिकडून काही आलं नाही एवढं खरं.

शरदात कारभाऱ्यानं नवं कूळ आणून वसवलं. नवरा, बायको, दोन गडी. बायकोचं नाव योदीस. दक्षिणेतल्या एका रानातल्या दरीत वाढलेली, समुद्र आधी कधी न पाहिलेली. आस्नीला त्यांनी हाकललं नाही. तीच आपणहून नावेच्या शेडशेजारच्या लहान झोपडीत गेली आणि एक गाय बरोबर घेऊन गेली. नवऱ्यानं खचलेलं छप्पर नीट केलं, साधे नवे खांब लावले. घरातून पुन्हा सगळ्या बाजूंनी धूर निघू लागला.

योदीसला ती जागा खायला उठे. ती कडेला उभी राहून पाण्याकडे पाही आणि डोळे पुसे. एकदा तिनं आस्नीला विचारलं, "इथं माणूस राहतो तरी कसा? नुसतं पाणी आणि दगड."

"दगडांना नावं आहेत," आस्नी म्हणाली.

"असतील. मला काय करायचीत?"

"होडीनं जाशील तेव्हा लागतील."

योदीसनं तोंड फिरवलं. पण हिवाळा तोंडावर आला तसं ती आस्नीला रोज जेवायला बोलवू लागली. आस्नी जाई. चुलीभोवती गडी आपसात थट्टा करत, नवरा-बायको मिठावरून भांडत, कुणी गाणं म्हणे. आस्नीला यातलं सगळं हवं होतं, दोन वर्षं तिनं याचीच वाट पाहिली होती, आणि तरी थोड्याच वेळात तिचं डोकं दुखायला लागे. इतके आवाज एकदम ऐकायची तिला सवय राहिली नव्हती. कोण काय म्हणालं ते निसटून जाई, उत्तर द्यायला ती चुके, मग गडी एकमेकांकडे पाहत. कालवण संपलं की ती उठून जाई. पुढे पुढे तिनं जाणंच सोडलं.

योदीसला आधी राग आला. बाईला एवढा कसला माज, असं ती नवऱ्याला म्हणालीही. मग एका दुपारी, आकाशात तो निळा उजेड असताना, ती स्वतःच वाडगं घेऊन झोपडीत आली. माशाचं गरम कालवण होतं. तिनं ते आस्नीपुढे ठेवलं आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण आस्नीनं डोळे मिटून घेतले, ते पाहून योदीसनं तोंड पुन्हा मिटलं. मग चुलीच्या पलीकडे, गाईच्या पाठीला टेकून, ती खाली बसली. आस्नीनं खाल्लं. योदीसनं आपलं विणकाम काढलं. उजेड उतरेपर्यंत दोघी तशाच बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशीही ती आली.